वर्षभर डोंगर चढायचा नाही

प्रिय मुकुंदा,

तुला देवनागरी वाचायचा कंटाळा. घरात आपण मराठी बोलायचो, पण कागदावर काही उतरवायची वेळ आली की तू मराठीच तमिळ अक्षरांत लिहायचास. मी जन्मभर हिंदी शिकवलेली बाई, त्यावरून तुला किती छळायचे. आज मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे, कारण तुझ्या सुधाला ही अक्षरं येत नाहीत आणि लेकीला, जान्हवीला, अडखळत येतात. जे लिहायचं आहे ते आधी तुलाच सांगायचं आहे. तुला आता कुठे जायची घाई आहे? सावकाश एकेक अक्षर लावत बस.

तुला जाऊन दोन महिने होत आले. दहाव्याला, तेराव्याला, पहिल्या मासिक श्राद्धाला मी काही बोलले नाही. लोक म्हणाले, अक्का धीराची. धीर कसला रे, बोलायला तोंड नव्हतं. काल सकाळी मात्र या तोंडातून एक वाक्य निघालं आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

मार्गळी महिना लागला आहे. पहाटे देवळांचे कर्णे सुरू होतात, गल्लीभर दारांत पिठाच्या रांगोळ्यांचे मोठमोठे कोलम पडतात. आपल्या दारात सुधा चार ठिपके जोडते आणि आत येते. जान्हवी कोइमतूरहून रजा घेऊन आली आहे. काल मी स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसले होते, तर तिनं तुझी निळी फाइल आणून माझ्यासमोर ठेवली. वर तुझ्या तमिळ अक्षरांत ‘नॉर्वे’.

“आत्या, बाबांची मार्चातली जागा अजून तशीच अहे,” ती म्हणाली. “तिथल्या स्कीच्या शाळेनं लिहिलंय, नाव बदललं तर चालेल म्हणून. मी जाऊं?”

सुधा कॉफी गाळत होती. वळलीसुद्धा नाही. “अक्का सांगतील तसं,” एवढंच म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती हेच म्हणत आली आहे आणि मला ते आवडत आलं आहे, हेही लिहून टाकते.

मी शेंगेची शीर ओढत म्हणाले, “वर्ष होऊं दे, कण्णा. वर्षभर डोंगर चढायचा नाही.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फाइल उचलली, छातीशी धरली आणि हळू विचारलं, “बाबांना पण हेंच सांगितलीस ना, आत्या?” उत्तराची वाट पाहिली नाही. अंगणात जाऊन नळाखाली पाय धूत उभी राहिली, बराच वेळ.

तिला आज संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं आहे. म्हणून आज लिहिते आहे.

मुळात हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून? पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढलेला माणूस तू. कालव्यांची दारं उघडायची, मिटायची, हेच काम. आणि पोहता येत नाही! गुडघाभर पाण्यात उतरायचं तरी कुणाचा तरी खांदा लागायचा. आपण दोघं लेकरं आप्पांना घेऊन रामेश्वरला गेलो होतो. बावीस तीर्थांचं पाणी अंगावर घेऊन आप्पा कुडकुडत बसले होते, मी त्यांचं डोकं पुसत होते आणि तू कुठे, तर लांब किनाऱ्यावर तोंड उघडं टाकून उभा. माणसं पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून धावत होती आणि त्यांना ओढत होते मोठमोठे पतंग. शिकवणारी एक उंच बाई नॉर्वेची होती. तिनं तुला सांगितलं की आमच्याकडे हिवाळ्यात हेच बर्फावर करतात, पायांना स्की बांधून. डोंगरांच्या माथ्यावर दूरवर सपाट बर्फ असतो, वारा असतो आणि बुडायला पाणी नसतं. बुडायला पाणी नसतं, यापुढचं तुला काही ऐकू आलं नसावं.

घरी आल्यावर म्हणालास, “अक्का, बर्फ म्हंजे पाणीच की. खाली बसलेलं पाणी.”

“तूही जरा खाली बस,” मी म्हणाले.

तू कसला बसतोस. पन्नाशी उलटलेली, मधुमेहाची गोळी रोज सकाळी मी हातावर ठेवायची तेव्हा तू घ्यायचास, आणि निघालास बर्फावर पतंगामागे धावायला. थंडीची सवय हवी म्हणून बर्फाच्या कारखान्यात ओळख काढलीस. लाद्यांच्या खोलीत स्वेटर घालून दहा मिनिटं उभा राहिलास आणि आठ दिवस शिंकत होतास. तिकडे खायचं काय, तर परुप्पुपोडी, म्हणजे आपली डाळीची पूड, आणि तूप. भात तर मिळेल म्हणालास. रसमच्या पुडीचा वास थंडीत उडतो का, हे त्या बाईला पत्र लिहून विचारलंस. तिनं काय उत्तर दिलं ते मला कधी सांगितलं नाहीस. काय दिलं होतं रे?

आणि ती वाळू. मेट्टूर धरणाचं पाणी सुटायला अवकाश होता, तिरुवैयारुला नदी कोरडी ठणठणीत होती. त्या बाईकडून सरावाचा एक छोटा पतंग मागवला होतास. छोटा कसला, आपल्या पलंगाएवढा. बर्फ नाही तर वाळू, म्हणत मलाही स्कूटरवर घालून नेलंस. आडी, म्हणजे आषाढ, लागायचा होता, पण वारा आधीच येऊन बसला होता. आडीच्या वाऱ्यात वाटायचा दगडी पाटासुद्धा उडतो म्हणतात आपल्याकडे. तू म्हणालास, पाटा उडतो तर अक्का का नाही, आणि पतंगाच्या दोऱ्या बांधलेला दांडा माझ्या हातात दिलास.

पतंग वर गेला आणि मला ओढायला लागला. तू मागून ओरडत होतास, “सोड, अक्का, दांडा सोड!” मला ऐकू येत होतं, मुकुंदा. सगळं ऐकू येत होतं. पण जितकी भीती वाटली तितकी माझी मूठ घट्ट झाली. पाचवारी साडीत मी वाळूवरून फरफटत गेले. पलीकडे शेळ्या चारणारी म्हातारी पोट धरून हसत होती. माझं मनगट मुरगळलं. तू रुमाल बांधता बांधता म्हणालास, “सोडलं की पतंग आपोआप खाली येतो, अक्का. सगळे पहिल्यांदा धरूनच ठेवतात.”

मनगट महिन्याभरात बरं झालं. पण त्या दिवसापासून डोळे मिटले की मला एक पांढरं मैदान दिसायचं. त्यावर माणूस नाही, झाड नाही, आणि तू फरफटत लांब लांब चाललेला. हाक मारली तर कुणाला? हे मी तुला सांगितलं नाही. सुधालाही नाही. मोठ्या बहिणीनं घाबरायचं नसतं, असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

मग कार्तिकात आप्पा गेले. नव्वदीला टेकलेले, दुपारी ताक-भात जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेराव्याची माणसं पांगली त्या संध्याकाळी तू ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसलास. मार्चातल्या दहा दिवसांचं ठरलंय, जाऊ ना, असं चाचरत विचारलंस. एवढा बाप्या, पण माझ्यासमोर शाळकरी पोरासारखा.

आणि मला वाट सापडली. आपल्या या तंजावुरात लहानपणापासून ऐकलेलं, की घरातलं माणूस गेलं की वर्षभर तिरुपती नाही, पळनी नाही, डोंगरावरचा कुठलाच देव नाही. देवाचा डोंगर कोणता आणि बिनदेवाचा कोणता, मी फरकच ठेवला नाही. म्हणाले, “वर्षभर डोंगर चढायचा नाही.”

“बर्फाचा पण, अक्का?”

“डोंगर तो डोंगर.”

मला वाटलं, आता हसशील, उलटून बोलशील, आणि मग मी कशीबशी खरं काय ते सांगेन. तू म्हणालास, “सरी. पुढच्या मार्चात.” आणि उठून आप्पांच्या खोलीतला दिवा बघायला गेलास.

तू माझं कधी ऐकलंस रे? सिगारेट सोड म्हटलं, दहा वर्षं लावलीस. पावसात कालव्यावर जाऊ नको म्हटलं, छत्रीसुद्धा न घेता गेलास. सुधाला बघायला जाताना निळा शर्ट घालू नको म्हटलं तर तोच घातलास. आयुष्यभरात एक गोष्ट माझी ऐकलीस, आणि ती नेमकी ही?

यंदा भादव्यात तू व्हिसासाठी फोटो काढून आणलास. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसायला हवेत, दात दाखवायचे नाहीत, असे त्यांचे नियम. फोटोवाल्यानं तुला चार वेळा गप्प बस म्हणून सांगितलं, असं सांगत तू घरभर हसत होतास. आज तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे, चंदनाची माळ घालून. दुसरा फोटोच मिळेना, बाकी सगळ्यांत तू कुणाला तरी चिडवत तोंड फिरवलेलं. येणारे जाणारे म्हणतात, किती गंभीर माणूस होता. मी काय सांगू त्यांना? जन्मात एकदाच गप्प बसलास आणि तेवढंच भिंतीवर राहिलं.

मग अय्पसी महिन्याच्या पावसात, पापनाशमकडच्या कालव्याचं दार बघायला गेलास तिथेच छातीत कळ आली. बरोबरच्या माणसांनी धावपळ करून गाडीत घातलं. रस्त्यातच संपलं सगळं. आप्पांचं वर्ष भरायला सोळा दिवस राहिले होते. सोळा. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, जपासारखा चालू असतो.

काल जान्हवीनं विचारलं आणि रात्र सरली तशी मी आज सकाळी अंघोळ करून शास्त्रींकडे गेले. मनात म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं तर माझं ओझं जरा हलकं होईल. नियम खरा होता, माझा इलाज नव्हता, एवढं तरी स्वतःला सांगता येईल. बघ, अजूनही मला नियमाच्या मागे लपायचं होतं.

शास्त्री राजवाड्याच्या भिंतीलगतच्या आपल्या घरात दर्भ निवडत बसले होते. मी विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

“डोंगर? वरच्या देवाला वर्षभर जायचं नाही, एवढंच अम्ही सांगतों. बर्फाला काय अहे? तिथें देऊळ अहे की काय?” ते हसले. “लेकराला जाऊं द्या. मासिक करायला तुमचा चुलतभाऊ येतोच की कुंभकोणमहून.”

मी नमस्कार करून उठले. पायात चप्पल घालत होते, तेव्हा ते मागून म्हणाले, “तुमच्या तम्बीला, मुकुंदाला पण हेंच सांगितलों मी.”

मी घातलेली चप्पल पुन्हा काढली.

“तो आला होता की, तुमचे आप्पा गेले त्याच महिन्यांत. दहा दिवस जायचं म्हणाला. कर्ता तूच, तर मासिक चुकवूं नको, दोन मासिकांच्या मधें जाऊन ये, म्हणालों. तुम्हाला सांगितला नाही?”

“सांगितला होता,” मी म्हणाले. शास्त्रींच्या उंबऱ्यावर उभी राहून मी खोटं बोलले.

“पावम, बिचारा,” ते म्हणाले, “मग गेला कां नाही?” आणि पुन्हा दर्भ निवडायला लागले. त्यांना उत्तर नको होतं. ते मलाच हवं होतं.

घरी आले. सुधा आणि जान्हवी बाजारात गेल्या होत्या. तुझी फाइल जान्हवीच्या उशाशी होती, ती मी उघडली. आधी कधी उघडली नव्हती. वाऱ्याचे तक्ते, बुटांची मापं, त्या बाईची पत्रं, आणि एका पानावर तुझी दिवसांची आखणी. त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली तमिळ अक्षरांत, आपल्या मराठीत, “अक्काला भीती वाटते. पुढच्या वर्षी जाऊं.”

म्हणजे तुला ठाऊक होतं. शास्त्रींकडून तू परवानगी घेऊन घरी आला होतास. त्या दिवशी जेवायला बसला असशील, मी तुला वाढलं असेल. तू काहीच बोलला नाहीस. एकदा म्हणायचं तरी होतंस, अक्का, नियमाचं नाव कशाला घेतेस, तुला भीती वाटते ना? मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी रडून सगळं सांगितलं असतं. आणि मार्चात मीच तुझ्या पिशवीत पोडीचा डबा ठेवला असता. एवढं सोपं होतं, मुकुंदा. माझी लाज कशाला राखलीस? कुणी सांगितलं होतं? तुझ्या चांगुलपणाचा मला आज इतका राग येतो आहे की तुझ्या फोटोकडे बघवत नाही.

जाऊन आला असतास तरी अय्पसीत छातीत कळ यायची ती आलीच असती, असं मी स्वतःला दुपारभर समजावते आहे. आली असती, कदाचित. पण बर्फ बघून गेला असतास. त्या फळकुटांवर धड उभा राहिला नसतास, दहा वेळा आपटला असतास आणि परत येऊन वर्षभर आमचं डोकं खाल्लं असतंस. एवढं तुझं होतं आणि ते मी अडवलं. हे कुठल्या मासिकानं फिटणार आहे?

आता माझ्यासमोर दोन रस्ते आहेत. त्यातला एक फार सोयीचा. जान्हवी आली की सांगायचं, शास्त्रींना विचारून आले, हरकत नाही, जा. ती गळ्यात पडेल. सुधा म्हणेल, अक्कांनी किती काळजीनं विचारलं. मी पुन्हा मोठी होईन. कुणाला काही कळणार नाही. तू ते पान तमिळ अक्षरांत लिहिलंस, दोघींनाही वाचता येईल खरं, पण ते फाइलीतून काढायला मला किती वेळ लागतो?

काढलं होतं. खोटं कशाला सांगू? चौघडी करून कमरेला खोचलं होतं. मग हे पत्र लिहायला बसले आणि अर्ध्यावर उठून ते पुन्हा जागच्या जागी ठेवून आले.

मला कशाची भीती वाटते ते आता तरी नीट सांगते. जान्हवी आठ वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळ झोपायची. नोकरी लागली तेव्हा तिनं पहिला फोन सुधाला नाही, मला केला. मला ना नवरा, ना मूल. असं आपलं म्हणायला ती एक. ते पान तिनं आधीच वाचलंय की काय, कोण जाणे; माझ्यासमोर वाचल्यावर ती मला आत्या म्हणेल का? आणि सुधा? ‘अक्का सांगतील तसं’ म्हणत तिनं आपला संसार माझ्या शब्दावर चालवला. तिला मी काय तोंड दाखवू? त्या पांढऱ्या मैदानाची भीती मला परवडली असती रे. ही परवडत नाही.

पण मनगटाला रुमाल बांधताना तू सोडण्याबद्दल जे म्हणालास ते आज दुपारपासून कानात आहे. मी तेव्हा ऐकलं नाही.

तेव्हा हा माझा शब्द, मुकुंदा. जान्हवी आली की मी तिला परवानगी देणार नाही, कारण ती द्यायचा अधिकार माझा कधी नव्हताच. मी तिला ते पान काढून देईन आणि वाचायला सांगेन, मोठ्यानं, सुधासमोर. शास्त्री काय म्हणाले ते सांगेन. त्यांच्याशी खोटं बोलले तेही सांगेन. तिनं विचारलं, मग बाबांना का थांबवलीस, तर वर्षाचं नाव घेणार नाही, शास्त्राचं नाही, आप्पांचंही नाही. ‘मला भीती वाटली’ एवढंच सांगेन. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही तरी मार्चात परुप्पुपोडीचा डबा मीच भरून दारात ठेवेन. न्यायचा की नाही ते तिनं बघावं.

फाटक वाजलं. दोघी आल्या. उठते.

तुझी,
अक्का